ट्रक विकला म्हणजे अब्रू विकली नव्हे!

दारात स्वतःच्या नावाचा सहाचाकी ट्रक उभा असणे ही आपल्या समाजात कधीच साधी गोष्ट नव्हती. ज्याच्या आजोबाने वतनाच्या नावाखाली गावकी केली, हाक येईल तिकडे अनवाणी धाव घेतली, त्याचा नातू गाडीच्या कपाळावर ‘जयभीम’ रंगवतो, निळा झेंडा लावतो आणि नाक्यानाक्यावरून ताठ मानेने पुढे जातो. त्या गाडीकडे नुसते लोखंड म्हणून पाहणे आम्हांलाही जमत नाही.

म्हणूनच ट्रक विकून लहान पिकअप घेण्याची वेळ आली की घरात कोणी बोलेनासे होते. बाप ओट्यावर बसून राहतो. वस्तीत कुजबूज सुरू होते, “गाडी गेली म्हणे!” आणि या एका वाक्याच्या भीतीने कितीतरी कुटुंबे न परवडणारा ट्रक आणखी दोन-तीन वर्षे ओढतात. आधी गळ्यातले जाते, मग मुलीच्या कॉलेजच्या फीचे पैसे टायरमध्ये जातात आणि शेवटी गाडीही जातेच. या प्रश्नावर घरातल्या सर्वांनी, माताभगिनींनीही, एकत्र बसून विचार करावा म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

ट्रक का परवडेनासा झाला?

पहिली गोष्ट ही की यात चालकाच्या मेहनतीचा दोष नाही. धंद्याचे गणितच बदलले आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले आणि जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले. भाडे ठरते आज, डिझेल भरायचे उद्या. मोठी कंपनी हा फरक करारात वसूल करते. एका ट्रकचा मालक तो स्वतःच्या खिशातून भरतो.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. जकातनाके गेले, त्याचे आपण स्वागतच केले. पण त्याबरोबर प्रत्येक राज्यात वेगळे गोदाम ठेवण्याची कंपन्यांची गरजही कमी झाली. भिवंडीसारख्या ठिकाणी प्रचंड गोदामे उभी राहिली. लांबचा माल दहा, बारा, चौदा चाकांच्या गाड्यांनी गोदामापर्यंत येऊ लागला आणि तिथून दुकानापर्यंत लहान गाड्यांनी जाऊ लागला. मधल्या आकाराचा सहाचाकी ट्रक दोन्हीकडून चेपला गेला.

२०१८ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने मालासह गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा वाढवली. दोन आसांच्या ट्रकची १६.२ टनांवरून १८.५ टन झाली, तीन आसांच्या गाडीची २५ वरून २८.५ टन झाली. म्हणजे तेवढ्याच मालाला कमी गाड्या पुरू लागल्या. पुढे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. नवी गाडी महाग झाली आणि डिझेलबरोबर डीईएफचा खर्चही मागे लागला. जुनी गाडी ठेवावी तर आठ वर्षांनंतर दर वर्षी पासिंग. असा हा दोन्ही बाजूंचा पेच आहे.

वहीतला हिशेब काय सांगतो?

आता अगदी साधे गणित मांडू. पूर्ण भरलेला सहाचाकी ट्रक लिटरमागे साडेचार किलोमीटर चालतो आणि १० टन माल नेतो असे धरू. म्हणजे एका लिटरमध्ये ४५ टन-किलोमीटर काम झाले. पिकअप लिटरमागे ११ किलोमीटर चालतो आणि दीड टन नेतो असे धरू. म्हणजे साडेसोळा टन-किलोमीटर. याचा अर्थ स्वच्छ आहे: ट्रक पूर्ण भरलेला असेल तर टनामागे तोच स्वस्त! ज्याला जाता-येता दोन्ही वेळा पूर्ण माल मिळतो, कारखान्याचे बांधलेले काम आहे, पैसे वेळेवर येतात, त्याने ट्रक विकण्याची घाई करू नये.

पण ट्रक भरलेला नसेल तर? हाच हिशेब उलटा केला तर दिसते की ट्रकमध्ये साधारण साडेतीन-चार टनांहून कमी माल असला की डिझेलच्या बाबतीत पिकअप स्वस्त पडतो. आणि परतीचे भाडे मिळाले नाही तर ३०० किलोमीटरच्या रिकाम्या परतीत, लिटरला सहा किलोमीटर धरले तरी, ५० लिटर डिझेल नुसते जळते. शिवाय वराई, दलालाचे कमिशन, क्लीनरचा भत्ता आणि भाड्याची वाट पाहत अड्ड्यावर काढलेल्या दिवसांचा जेवणखर्च वेगळाच. सहा टायरांपैकी एक बदलायचा म्हटला तरी त्या पैशात पिकअपचे दोन-तीन टायर येतात.

तेव्हा एक काम करा. मागच्या सहा महिन्यांची वही काढा. वही नसेल तर बिल्ट्या, टोलच्या नोंदी, पंपाच्या पावत्या काढा. प्रत्येक फेरीपुढे तीन गोष्टी लिहा: जाताना किती टन, येताना किती टन, आणि भाड्याचे पैसे किती दिवसांनी हाती आले. घरातल्या शिकणाऱ्या मुलीला हे काम सांगा. एका रविवारी उत्तर मिळेल आणि ते कोणाच्या कुजबुजीपेक्षा खरे असेल.

बाबासाहेबांचा १९१८ चा धडा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे मुळात अर्थशास्त्रज्ञ होते, हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो. पण त्यांचे अर्थशास्त्र आपल्या घरात किती आणतो? १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. त्या काळचे बहुतेक विद्वान म्हणत होते की शेताचे तुकडे लहान आहेत म्हणून शेती परवडत नाही. बाबासाहेबांनी वेगळेच दाखवून दिले. शेत परवडते की नाही हे नुसत्या आकारावर ठरत नाही. त्याच्या जोडीला भांडवल, अवजारे आणि राबणारे हात किती आहेत, त्या प्रमाणावर ठरते. साधने तुटपुंजी असतील तर लहान दिसणारे शेतही त्या शेतकऱ्याला मोठेच पडते.

शेताच्या जागी गाडी ठेवून पाहा. एका ट्रकचा मालक, हाताशी खेळते भांडवल नाही, भाडे दलालाच्या हातात, पैसे दोन महिन्यांनी. त्याला तो ट्रक मोठा पडतो. हे ट्रकचे मोठेपण नव्हे, हे प्रमाण चुकणे आहे. प्रमाणात आणणे म्हणजे खाली येणे नव्हे.

लहान गाडीचे कायदे आणि खर्च

२००५ साली ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखला जाणारा टाटा एस बाजारात आला आणि लहान मालवाहतुकीचे चित्र पालटले. त्याहून मोठा हवा तर दीड टनाच्या आसपास माल नेणारे पिकअप आहेत. भाजीपाला, किराणा, फर्निचर, मंडपाचे सामान, बांधकामाचा किरकोळ माल अशी कामे जवळच्या पट्ट्यात मिळतात. मोठ्या शहरांत गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते, तेथे लहान गाडीला बराच वाव मिळतो.

खर्चाचा फरक पाहा. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे भाड्याने माल वाहणाऱ्या गाडीचा तृतीय पक्ष विमा ७,५०० किलोंपर्यंत वर्षाला १६,०४९ रुपये होता, तर १२,००० ते २०,००० किलोंच्या ट्रकला ३५,३१३ रुपये. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या नियमांत हलक्या व्यापारी वाहनाला किलोमीटरमागे १ रुपया ५ पैसे आणि दोन आसांच्या ट्रकला २ रुपये २० पैसे असा मूळ दर होता. दर पुढे वाढले, पण प्रमाण दुपटीहून जास्तच आहे.

परमिटचीही गोष्ट ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ प्रमाणे मालासह एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. काही पिकअप या मर्यादेच्या आत असतात, काही वर. गाडी घेताना विक्रेत्याच्या तोंडावर जाऊ नका, कागदावरचे एकूण वजन वाचा.

लायसन्सचा प्रश्नही सुटला आहे. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेली व्यक्ती ७,५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन चालवू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने तेच कायम केले. म्हणजे अवजड लायसन्स नसलेला धाकटा भाऊ, मुलगा आणि हो, मुलगीसुद्धा ही गाडी चालवू शकते.

विकताना कागद सोडू नका

ट्रक विकताना आपली माणसे हमखास फसतात ती इथे. पैसे घेतले, चावी दिली, कागद “नंतर करू” म्हणून राहिले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक. गाडी पुढे चार हात फिरली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. म्हणून फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलल्याखेरीज व्यवहार पुरा समजू नका. कर्ज असेल तर ते फिटल्याचा दाखला घेऊन फॉर्म ३५ ने बोजा उतरवून घ्या.

ट्रकच्या किमतीपेक्षा शिल्लक कर्ज जास्त असेल तर घाईने नवे कर्ज काढू नका. आधी जुने मिटवण्याची बोलणी करा. जुन्या हप्त्यावर नवा हप्ता चढवून लहान गाडी घेणे म्हणजे ओझे तेच आणि चाके कमी! भांडवलासाठी १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात बीजभांडवल योजनेची आणि बँकेत मुद्रा कर्जाची चौकशी करा. ही चौकशी स्वतः जाऊन करा, एजंटामार्फत नको.

जादा माल नको, माणसे तर नकोतच

ट्रकची सवय लागलेला हात पिकअपमध्येही ट्रकसारखाच माल भरतो. दीड टनाच्या गाडीत तीन टन! पाटे तुटतात, ब्रेक लागत नाही, वळणावर गाडी कलंडते. २०१९ च्या दुरुस्तीने जादा मालाचा दंड २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये झाला. महिन्याची कमाई एका काट्यावर जाते.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. पिकअप दारात आला की ६ डिसेंबरला चैत्यभूमीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीला, भाचीच्या लग्नाला, सगळे त्याच गाडीतून निघू पाहतात. हौद्यात तीस-तीस माणसे, कडेला लेकरे. भावना खरी आहे, पण ही गाडी मालासाठी आहे. मालवाहू गाडीतून नेलेल्या प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले आहे. मालासोबत जाणाऱ्या मालाच्या मालकाची गोष्ट वेगळी. बाकीच्यांना कायद्याचे छत्र नाही. अपघात झाला तर जीव जातील आणि भरपाईपायी गाडी-घर दोन्ही जाईल. अभिवादनाला रेल्वेने जा, एसटीने जा. आणि गाडीवाल्याने नाही म्हटले तर त्याच्यावर रुसू नका.

घरासाठी याचा अर्थ

ट्रकवाल्याच्या घरात बाप महिन्यातले वीस दिवस पाहुणा असतो. मुलाची दहावी कधी झाली, मुलगी कोणत्या वर्गात गेली, हे त्याला फोनवर कळते. जवळच्या पट्ट्यात पिकअप चालवणारा बाप बहुतेक रात्री घरी जेवतो. या गोष्टीची किंमत वहीत लिहिता येत नाही, पण घरातल्या बाईला ती पक्की ठाऊक असते.

भगवान बुद्धांनी गृहस्थाला पैशाचे भान सोडायला सांगितलेले नाही. सिगालोवाद सुत्तात त्यांनी कमाईचे चार भाग करण्याचा उपदेश केला: एक भाग संसाराला, दोन धंद्याला आणि एक अडचणीच्या दिवसासाठी बाजूला. दीघजाणूला उपदेश करताना खर्च मिळकतीच्या आत ठेवण्याला, समजीविकतेला, त्यांनी गृहस्थाच्या कल्याणाचे साधन म्हटले. आणि गृहस्थाच्या सुखांत ऋण नसल्याचे सुख त्यांनी वेगळे मोजले. ट्रकच्या कमाईत हे चार भाग पडत नसतील आणि पिकअपच्या कमाईत पडत असतील, तर कोणती गाडी मोठी?

आम्ही कोणाला ट्रक विका असे सांगत नाही. वही काय सांगते ते ऐका, आणि निर्णय नवरा-बायकोने मिळून घ्या. नव्या गाडीचे कागद निम्म्या घरांत तरी पत्नीच्या नावावर व्हावेत, अशी आमची इच्छा आहे. वस्तीतल्या बांधवांनाही विनंती आहे. कोणाच्या दारात ट्रकच्या जागी पिकअप दिसला, तर “गाडी गेली म्हणे” असे म्हणू नका. थांबा, जयभीम घाला आणि विचारा की धंदा कसा चालला आहे, आमचे थोडे सामान न्यायचे होते. आपल्या माणसाला दिलेले एक भाडे हे दहा उपदेशांपेक्षा मोलाचे आहे.