अव्वाच्या घराचं एस्टिमेट

सोलापूरची आहे असं सांगितलं की होस्टेलवर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "शेंगाचटणी आणलीस का?" दुसरा प्रश्न चादरीचा. तिसरा प्रश्न मात्र तीन वर्षांत कोणीही विचारला नाही, म्हणून तो मीच विचारते आणि उत्तरही मीच देते. प्रश्न असा: महिन्याचा ठरलेला पगार नाही, बँकेत दाखवायला सॅलरी स्लिप नाही, अशी विड्या वळणारी बाई स्वतःच्या नावावर पक्कं घर कसं करू शकते?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. आमच्या घरी तेलुगू बोलतात, त्यामुळे आजीला आम्ही अव्वा म्हणतो. अव्वाने आयुष्यभर विड्या वळल्या. मागच्या सुट्टीत मी 'एस्टिमेटिंग अँड कॉस्टिंग'चं सबमिशन घरी घेऊन गेले होते. सरांनी त्यावर 'गुड' असा शेरा मारला होता, त्यामुळे जरा ऐटीतच तिला दाखवलं. खोदाई, पी.सी.सी., वीटकाम, प्लॅस्टर, सगळं ओळीने मांडलेलं. अव्वाने चष्मा लावून शेवटचा आकडा बघितला आणि म्हणाली, "हे झालं घराचं. ह्यात बाईचा वाटा किती, ते कुठं लिहिलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या एस्टिमेटमध्ये तो कॉलमच नसतो.

अव्वाचं घर सोलापूरजवळच्या कुंभारीत आहे, 'कॉम्रेड गोदूताई परुळेकर' विडी घरकुल वसाहतीत. वारली आदिवासींच्या लढ्यातल्या गोदावरी परुळेकरांचं नाव या वसाहतीला दिलं आहे. माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे सोलापूरचे आडम मास्तर, यांच्या पुढाकाराने विडी कामगार बायकांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली आणि तिने एका जागी 10,000 घरं बांधली. सप्टेंबर 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचं वाटप झालं. अव्वा तेव्हा गर्दीत होती. तिला भाषण आठवत नाही, ऊन आठवतं.

पैसा आला कुठून?

एका घराचा खर्च धरला होता 60,000 रुपये. त्याचे तीन सारखे वाटे केले. 20,000 केंद्र सरकारचे, 20,000 राज्य सरकारचे आणि 20,000 स्वतः कामगार बाईचे.

यातला केंद्राचा वाटा समजून घेण्यासारखा आहे. 1976 साली विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. तयार विड्यांवर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून कामगारांसाठी दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या आणि घरांसाठी मदत द्यायची, अशी ती व्यवस्था होती. म्हणजे अव्वाच्या घरातल्या काही विटा तिने आणि तिच्यासारख्या बायकांनी वळलेल्या विड्यांतूनच आल्या होत्या. जी.एस.टी. आला तेव्हा, 2017 मध्ये, हा उपकर रद्द झाला.

आता गणित करू. उदाहरण म्हणून व्याज 10 टक्के आणि मुदत 10 वर्षं धरा. पूर्ण 60,000 कर्ज काढलं तर महिन्याचा हप्ता येतो सुमारे 793 रुपये. 20,000 काढलं तर सुमारे 264. अव्वा आधी ज्या एका खोलीत राहायची तिचं भाडं होतं 300. पहिला हप्ता तिच्या आवाक्याबाहेरचा, दुसरा भाड्यापेक्षाही कमी. मित्रांनो, 'परवडणारं घर' हा शब्द आपण सिमेंटच्या ग्रेडवरून आणि भिंतीच्या जाडीवरून ठरवतो. पण तो खरा ठरतो तो इथे, भाडं आणि हप्ता यांच्या मधल्या फरकात.

एकटीला कर्ज का मिळत नाही?

बँकेच्या बाजूने बघा. मजुरी हजार विड्यांमागे, तीही काम मिळेल तेवढी. तारण द्यायला जमीन नाही. कर्ज लहान, पण कागदपत्रांचा खटाटोप मोठ्या कर्जाइतकाच. कोणताही मॅनेजर फाईल बाजूला ठेवेल.

दहा हजार जणी एकत्र आल्या की यातली प्रत्येक अडचण थोडी बदलते. संस्था शहराबाहेर मोठी जमीन एकत्र घेऊ शकते, ती बिगरशेती करून घेऊ शकते आणि एकच नकाशा मंजूर करून घेऊ शकते. एकच प्लॅन हजारो वेळा बांधायचा असला की सेंटरिंगच्या प्लेटा पुन्हा पुन्हा वापरता येतात आणि सिमेंट-स्टील घाऊक दराने मिळतं. सभासदांची यादी, विडी कामगाराचं ओळखपत्र, प्रॉव्हिडंट फंडाचा खाते क्रमांक हे कागद एका ठिकाणी जमतात. अनुदानासाठी मंत्रालयात चकरा मारायला, वेळ पडली तर मोर्चा काढायला युनियन असते. आणि गल्लीतल्या बायका एकमेकींना ओळखत असल्यामुळे कोणी पैसे भरले नाहीत तर ते लपत नाही! ही ओळख बँकेच्या फॉर्मवर कुठे लिहिता येत नाही, पण तारणाचं काम ती बऱ्यापैकी करते.

उशिराचा हिशोब

अव्वाच्या प्रश्नामुळे मी जी आकडेमोड केली, त्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ही गोष्ट.

अनुदान हा ठरलेला आकडा असतो. 20,000 म्हणजे 20,000. काम रेंगाळलं, स्टील महागलं म्हणून तो आपोआप वाढत नाही. समजा, उशिरामुळे 60,000 चं घर 10 टक्क्यांनी महाग झालं. वाढले 6,000. सरकारचे दोन्ही वाटे जिथल्या तिथे, त्यामुळे ते सगळे 6,000 बाईच्या वाट्याला येतात. तिचे 20,000 चे 26,000 होतात. म्हणजे एस्टिमेटमध्ये 10 टक्के वाढ, पण तिच्या खिशाला 30 टक्के! साईटवर "चालायचंच, दहा टक्के इकडे तिकडे" असं आपण सहज म्हणून जातो. ते दहा टक्के शेवटी कोणाच्या अंगावर जातात ते या हिशोबात दिसतं.

याच सोलापुरात पुढे रे नगर झालं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, रिक्षावाले, कचरा वेचणारे अशांसाठी 30,000 घरं. जानेवारी 2019 मध्ये भूमिपूजन झालं आणि जानेवारी 2024 मध्ये त्यातली 15,000 घरं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. ही घरं प्रधानमंत्री आवास योजनेच्या भागीदारीच्या प्रकारातली आहेत. तेव्हाच्या नियमांनुसार त्यात किमान 250 घरांचा प्रकल्प लागायचा आणि त्यातली किमान 35 टक्के घरं दुर्बल घटकांसाठी लागायची. अशा प्रत्येक घराला केंद्राकडून दीड लाख मिळायचे आणि राज्याकडून एक लाख.

भूमिपूजनाच्या वेळी सांगितलेला एकूण खर्च होता 1,811.33 कोटी आणि त्यात केंद्र-राज्याची मदत 750 कोटी. घरामागे भाग दिला तर खर्च साधारण 6.04 लाख आणि मदत 2.5 लाख. गोदूताई वसाहतीत खर्चाचे दोन तृतीयांश सरकारकडून आले होते, इथे सुमारे 41 टक्के. बाकीचे घरामागे साडेतीन लाख सभासदांनी, कर्जाने किंवा आणखी कुठून तरी उभे करायचे. घरं तिप्पट झाली हे खरं आणि मोठंच काम. पण कामगाराच्या डोक्यावरचा भार एक तृतीयांशावरून निम्म्याच्या वर गेला हेही तितकंच खरं.

जे एस्टिमेटमध्ये येत नाही

घर मिळालं तेव्हा सगळं गोड झालं असं नाही. जमीन स्वस्त म्हणजे शहरापासून लांब. अव्वाला सुरुवातीला तयार माल द्यायला आणि पानं-तंबाखू आणायला शहरात यावं लागायचं. रिक्षाचं भाडं आणि मोडलेला दिवस, दोन्ही मजुरीतून जायचे. भाड्याचे 300 वाचले, पण त्यातले बरेचसे रस्त्यावर खर्च झाले.

दुसरं म्हणजे विडी कामगाराचं घर हे नुसतं घर नसतं, तोच तिचा कारखाना. पानं भिजवायला पाणी लागतं, कापायला उजेड लागतो, आणि मांडीवर सूप घेऊन दिवसभर बसायचं तर तंबाखूचा वास बाहेर जायला समोरासमोर खिडक्या लागतात. प्लॅनवर आपण त्या जागेला 'हॉल' म्हणून मोकळे होतो. अव्वाने मला विचारलेला दुसरा प्रश्न हाच होता, "तुझ्या नकाशात बसायचं कुठं?" टी.व्ही. बघायला नाही, कामाला बसायचं कुठं.

पण त्याच अव्वाला मी विचारलं, "मग जुनी खोली बरी होती का?" तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की व्हायवाला एक्स्टर्नलसुद्धा असा बघत नाही. म्हणाली, "मालकिणीनं तीनदा सामान बाहेर ठेवलं होतं. आता कोण ठेवतंय?"

परत आल्यावर मी ते सबमिशन पुन्हा काढलं. शेवटच्या आकड्याखाली चार ओळी वाढवल्या: अनुदान, सभासदाचा वाटा, महिन्याचा हप्ता आणि घरापासून कामापर्यंत जायचा खर्च. सिलॅबसमध्ये त्याला मार्क नाहीत, हे सरांनी आधीच सांगितलं आहे. तरी सरांनी वही ठेवून घेतली आणि पुढच्या बॅचला दाखवीन म्हणाले.

आणि हो, चटणी आणली आहे. डबा घेऊन या, वर्तमानपत्राच्या कागदात मिळणार नाही.