थोरल्याचे देणे

'सुपरनॅचरल' ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका २००५ साली सुरू झाली आणि पंधरा पर्वांत ३२७ भाग पुरे करून २०२० साली संपली. भुतेखेते, सैतान आणि देवदूत यांचा तिच्यात केवढाही पसारा असला, तरी डीन आणि सॅम विंचेस्टर हे दोन भाऊ हाच तिचा खरा विषय होय. अमानुष शक्तीने आईचा बळी घेतला आणि घर पेटले त्या रात्री बापाने तान्ह्या सॅमला चार वर्षांच्या डीनच्या हाती देऊन बाहेर पळावयास सांगितले. ते मूल आता खाली ठेव, असे मात्र पुढे कोणी कधी त्याला सांगितलेच नाही. बाप सूडापायी गावोगाव हिंडत राहिला आणि धाकट्याचा सारा कारभार थोरल्याच्या अंगावर पडला. पुढे सॅम मारला गेला, तेव्हा डीनने एका वर्षाच्या मुदतीने सैतानाला आपल्या आत्म्याचे जणू खरेदीखतच करून दिले आणि भाऊ परत मिळवला.

मुदत भरताच डीन नरकात गेला, तो पृथ्वीवरचे चार महिने, म्हणजे तेथील चाळीस वर्षे, तेथेच होता. परतल्यावर आपल्याला काही आठवत नाही असेच तो सांगतो. मग एकदा रस्त्याच्या कडेला, मोटारीशी उभा राहून, तीस वर्षे यातना सोसल्याचे आणि उरलेली दहा वर्षे त्याच यातना इतरांस दिल्याचे तो भावापाशी कबूल करतो. माझ्या मते मालिकेतील हा सर्वोत्कृष्ट प्रसंग. परंतु लवकरच नवे पिशाच्च दारात हजर होते. लेखकांना पिशाच्चांची शिकार हवीच असते, आणि थोरल्यालाही ती सोयीची, कारण कामात गुंतलेल्या माणसाची विचारपूस करण्याचे कोणाला सुचत नाही.

आपल्याकडे या कथेला फार जुने नाते आहे. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावर पोरकी झालेली आपेगावची चार भावंडे, आणि त्यांच्याभोवती जमलेले भिंत चालविण्यासारखे चमत्कार, सर्वांस ठाऊक आहेत. मला चमत्कारांहून ताटीचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. त्या भावंडांपैकी ज्ञानदेव लोकांनी दुखावल्यामुळे दार लावून बसले असता धाकटी बहीण मुक्ताई बाहेरून आर्जव करीत राहिली, अशी परंपरा सांगते. वडीलधाऱ्याचे दुःख धाकट्याने ओळखावे, ही गोष्ट विंचेस्टरांच्या घरी क्वचितच घडते.

अशी घरे कथेबाहेरही असतात. मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची जड माळवदे निजलेल्यांवर कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. पंचनामे झाले, मयत, जखमी, घरांची पडझड, जनावरे यांची नोंद दफ्तरी आली, सानुग्रह अनुदान वाटले गेले, गावे नव्या जागी वसली. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले, हे फार मोठे काम झाले. पण ज्या घरी बारा-चौदा वर्षांची थोरली बहीण एका रात्रीत आई होते, त्या घरी तिच्या मनाची पडझड लिहिण्यास पंचनाम्यात रकाना नसतो. आणि ती धाकट्यांना नीट सांभाळते आहे, हीच ती ठीक असल्याची साक्ष मानली जाते. शेजारी तिचे कौतुक करतात, तेही मनापासून. मात्र त्या कौतुकामुळे रडण्याची तिची सवड आणखी कमी होते.

मनाची विचारपूस करणारी एक योजना आता आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने सुरू केलेल्या 'प्रेरणा' प्रकल्पात मराठवाड्यातील जिल्हे आहेत, नांदेड आणि लातूरही. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन झोप, भूक, उमेद यांविषयी विचारावे आणि गरज दिसल्यास पुढे पाठवावे, अशी त्यात योजना आहे. बाप गेलेल्या घरी थोरला मुलगा या प्रश्नांवर बहुधा म्हणेल, "मला काय झालंय ताई, बारक्याचं बघा." मग प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा की पुढचे दार गाठावे, हे त्या ताईंपाशी वेळ किती आहे त्यावर ठरते, आणि लसीकरणाची व गरोदर स्त्रियांच्या नोंदीची कामेही त्यांच्याकडेच असतात.