फंक्शन कळांची ओळ आणि नवा लॅपटॉप

लॅपटॉपच्या कळफलकावर सर्वांत वरच्या ओळीत एफ१ ते एफ१२ अशा बारा कळा असतात. त्या दाबल्यावर पडद्यावर अक्षर उमटत नाही, तर चालू असलेल्या सॉफ्टवेअरने त्या कळेला नेमून दिलेले काम होते, म्हणून त्यांना फंक्शन कळा म्हणतात. आजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपवर मात्र याच कळा आवाज कमी-जास्त करणे, पडद्याचा उजेड बदलणे, एअरप्लेन मोड चालू करणे अशी यंत्राची कामे आधी करतात आणि मूळचे काम ‘एफएन’ ही कळ सोबत दाबली तरच होते. हा बिघाड नव्हे. कारखान्यातूनच तशी मांडणी करून दिलेली असते आणि ती बदलता येते.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगायची तर १९८१च्या आयबीएम पीसीवर दहाच फंक्शन कळा होत्या, त्याही डाव्या हाताला पाच-पाचच्या दोन उभ्या रांगांत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात १०१ कळांचा कळफलक आला, तेव्हा त्या बारा झाल्या आणि वर सरकल्या.

या वाढीची खूण आजही यंत्राच्या पोटात सापडते, आणि ती पाहण्यासारखी आहे. कळांच्या खाली आडव्या-उभ्या वाहक रेषांची जाळी असते. कळ दाबली की एक आडवी आणि एक उभी रेष जोडली जाते, मदरबोर्डवरील एम्बेडेड कंट्रोलर नावाची छोटी चिप ती जोडणी ओळखते आणि त्या कळेचा ठरलेला क्रमांक, म्हणजे स्कॅन कोड, पुढे पाठवते. पीसीच्या मूळ संकेतसंचात एफ१ ते एफ१० यांचे क्रमांक ५९ ते ६८ असे सलग आहेत. ६९ आणि ७० हे क्रमांक नमलॉक व स्क्रोललॉक यांना आधीच दिलेले असल्यामुळे मागाहून आलेल्या एफ११ आणि एफ१२ यांना थेट ८७ आणि ८८ मिळाले. कळ सोडल्याची वर्दी त्याच क्रमांकात १२८ मिळवून दिली जाते. म्हणजे एफ५ दाबली की ६३ आणि सोडली की १९१.

एफएन कळेचा व्यवहार निराळा आहे. पुष्कळ लॅपटॉपवर ती दाबल्याची वार्ता विंडोजपर्यंत पोहोचतच नाही. कंट्रोलर ती स्वतःजवळ ठेवतो आणि तिच्या आधाराने ६३ हा क्रमांक पाठवायचा की उजेड कमी करण्याचा इशारा द्यायचा, हे ठरवतो. निर्णय इतक्या खालच्या पातळीवर होत असल्यामुळे विंडोजच्या सेटिंग्जमध्ये त्याचा उपाय शोधणे बहुधा व्यर्थ ठरते.

या मांडणीची झळ सर्वाधिक कोणाला बसते हे पाहायचे असेल, तर टॅलीवर हिशेब लिहिणाऱ्यांकडे पाहावे. बंगळुरूच्या गोयंका पिता-पुत्रांनी १९८६मध्ये सुरू केलेल्या व्यवसायातून हे सॉफ्टवेअर आले आणि महाराष्ट्रातील पेढ्या, अडत्यांचे गाळे, कर सल्लागारांची कार्यालये यांत ते रुळले. त्यात एफ४ने कॉन्ट्रा, एफ५ने पेमेंट, एफ६ने रिसीट, एफ७ने जर्नल, एफ८ने सेल्स आणि एफ९ने पर्चेस व्हाउचर उघडते. सरावलेल्या लेखनिकाचा उजवा हात आकड्यांवर आणि डावा या ओळीवर असतो, आणि माउसला हात न लावता तो दिवसभराच्या नोंदी करतो. दसरा-पाडव्याच्या मुहूर्तावर पेढीत नवा लॅपटॉप येतो, पेमेंटची नोंद करण्यासाठी एफ५ दाबली जाते आणि व्हाउचर उघडण्याऐवजी पडदा मंद होतो. काही यंत्रांवर एफ८ दाबताच विक्रीच्या नोंदीऐवजी एअरप्लेन मोड चालू होऊन वायफाय तुटते. वर्षानुवर्षांच्या सरावाने बोटांत बसलेले हे ज्ञान खरे कौशल्य आहे आणि यंत्राने त्याचा मान राखला पाहिजे.

उपाय क्रमाने करावेत. प्रथम एफएन धरून एफ५ दाबावी. व्हाउचर उघडले, तर कळ शाबूत आहे. मग एस्केप कळेवर कुलपाचे चिन्ह किंवा ‘एफएनलॉक’ अशी अक्षरे आहेत का ते पाहावे; लेनोव्हो आणि डेलच्या अनेक लॅपटॉपवर एफएन व एस्केप एकत्र दाबल्याने मांडणी कायमची उलटते. ती सोय नसल्यास लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी जागे होणाऱ्या मूळ व्यवस्थेत, शिरावे. एचपीवर तेथे ‘ॲक्शन कीज मोड’ बंद करावा लागतो, तर लेनोव्होच्या आयडियापॅडवर ‘हॉटकी मोड’. ॲपलच्या मॅकवर हीच निवड कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये मिळते. उलट तक्रार असेल, म्हणजे विंडोज नव्याने टाकल्यावर आवाजाच्या किंवा उजेडाच्या कळा चालेनाशा झाल्या असतील, तर कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचे हॉटकी ड्रायव्हर घ्यावेत, कारण कंट्रोलरच्या इशाऱ्याचा अर्थ लावणारे सॉफ्टवेअर तेथे असते.

ही निवड लॅपटॉप पहिल्यांदा सुरू होतानाच भाषा आणि वेळेबरोबर विचारली गेली पाहिजे. तोपर्यंत हिशेबासाठी लॅपटॉप घेणाऱ्याने किंमत आणि मेमरी यांच्याबरोबरच वरची ओळ दुकानातच दाबून पाहावी आणि पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून ती मांडणी उलटवून घ्यावी.