धडधड छातीत, जखम मनात

गेल्या वर्षी पस्तिशीतले एक शिक्षक महिन्याभरात तीनदा दवाखान्यात आले. छातीत धडधड, तळहातांना घाम, रात्री दोन-अडीचला दचकून जाग. थायरॉईड नॉर्मल, हिमोग्लोबिन उत्तम, ईसीजीत वेग सोडला तर दोष नाही. नाडी मात्र दर वेळी 110च्या घरात. तिसऱ्या खेपेला मी म्हणालो, "घरी स्वस्थ बसून मोजून बघ." घरी ती 78 भरली. दुसऱ्या दिवशी मान खाली घालून तो म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या दवाखान्याची पायरी चढलो की ती वाढते."

कारण ऐकून मी वरमलो. 2008 साली वडील त्याला माझ्याकडेच घेऊन आले होते. मुलाला मुलींचे आकर्षण वाटत नाही, पुरुषांचे वाटते, ही तक्रार. मी पाठीवर थाप मारून सांगितले, "लग्न झाले की सगळे ताळ्यावर येईल." पुढे घरी मारहाण झाली, खोलीत कोंडणे झाले, भगताचे अंगारे-धुपारे झाले. डॉक्टरांनीच सांगितले आहे, असे म्हणत हे सारे चालले होते. त्याच्या संमतीने, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून हे लिहीत आहे.

वाचकहो, त्या वेळीही माझा सल्ला चुकीचाच होता. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकतेला रोगांच्या यादीतून वगळले होते. मी जुन्या पुस्तकांवरच विसंबून राहिलो. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील संमतीचे असे संबंध गुन्ह्यातून वगळले. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असा कल 'बदलण्याचे' उपचार हे डॉक्टरचे गैरवर्तन ठरवले.

मोठा आघात सोसलेल्या माणसाच्या मेंदूतली धोक्याची घंटा जरा जास्तच हळवी होते. तसाच वास, तसाच आवाज, तीच जागा आली की प्रसंग संपून वर्षे लोटली तरी ती वाजते. मग धडधड, घाम, पोटात कालवाकालव. आम्ही डॉक्टर अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन मोकळे होतो.

हा शिक्षक आता पुण्यातील एका नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ बाईंकडे मोबाईलवरून उपचार घेतो. आठवड्यातून एकदा, पाऊण-एक तास. जिल्ह्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञाच्या बाकावर बसले की शेजारी ओळखीचे कोणीतरी निघणारच! म्हणून हा शेतातल्या मोटारीच्या खोलीत कानाला इअरफोन लावून बसतो. रेंज गेली की साधा फोन. पहिल्या काही भेटींत बाईंनी "नेमके काय झाले?" असे विचारलेच नाही. तुम्हाला काय नावाने हाक मारू, जवळपास कोणी ऐकत आहे का, संपर्क तुटला तर काय करायचे, अडचणीत कोणाला कळवायचे, एवढेच ठरवले. मग मन थाऱ्यावर आणायच्या युक्त्या: पाय जमिनीवर घट्ट टेकवणे, श्वास सावकाश सोडणे, समोरच्या पाच वस्तूंची नावे घेणे. हे जमू लागल्यावरच जुन्या प्रसंगांकडे वळायचे, तेही थोडे थोडे, आणि त्याने "थांबा" म्हटले की थांबायचे.

तो कोण आहे हे बदलण्याचा खटाटोप या उपचारात नाही. तो असा आहे म्हणून लोक त्याच्याशी कसे वागले आणि त्याची जखम कुठे राहिली, हे पाहिले जाते. पडद्यावरून असे काही होते का, ही शंका मलाही होती. परंतु युद्धावरून परतलेल्या अमेरिकी सैनिकांवरील अभ्यासांत व्हिडिओवरचा आघातोपचार समोरासमोरच्या उपचाराच्या तोडीचा ठरला आहे.

सर्वांनाच तो चालतो असे मात्र नाही. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, कानात आवाज ऐकू येत असतील, दारूचे व्यसन जडले असेल, तर प्रत्यक्ष डॉक्टर गाठावा. त्रास देणारा माणूस त्याच घरात असेल तर घरून बोलू नये. मोबाईलवर हल्ली कोणीही समुपदेशक म्हणून पाटी लावतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तिचा क्रमांक बेधडक विचारावा. औषधे लागली तर ती मनोविकारतज्ज्ञच देतो, मानसशास्त्रज्ञ देत नाही. "मुलाला बदलून दाखवतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येत नाही, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी लागते. खर्च झेपत नसेल तर 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली सरकारची 'टेली-मानस' सेवा आहे. 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही बोलता येते.

शिक्षक आता रक्तदाब तपासायला येतो तेव्हा मी आधी विचारतो, दार उघडे ठेवू की लावू? हात लावण्यापूर्वी सांगतो. परवा नाडी 92 होती.