मावशी रजेवर असतात तेव्हा

लहान मूल असलेल्या आणि आईवडील दोघेही नोकरी करणाऱ्या कुटुंबात दिवसभराची घडी पुष्कळदा एकाच व्यक्तीवर, म्हणजे मूल सांभाळणाऱ्या बाईंवर, ज्यांना घरात ‘मावशी’ म्हणतात त्यांच्यावर, अवलंबून असते. नाशिकसारख्या शहरात आई इंदिरानगरहून अंबडच्या कारखान्यात, वडील ओझरच्या विमान कारखान्यात किंवा नाशिकरोडच्या मुद्रणालयात आणि आजी-आजोबा निफाड, सिन्नर किंवा थेट जळगावकडच्या गावी अशी पांगापांग झालेली असते, आणि अशा घरात सकाळी आलेला ‘आज जमणार नाही’ एवढाच निरोप दोघांचाही दिवस विस्कटून टाकतो. अशा वेळी मूल कोणाच्या हाती सोपवायचे याची आधीच करून ठेवलेली आणि तासाभरात अमलात येऊ शकणारी तजवीज म्हणजे पर्यायी संगोपन व्यवस्था. ती आधी केलेली असणे अत्यावश्यक ठरते, कारण ऐनवेळी शोधलेली व्यक्ती कितीही भली असली तरी मुलाच्या दृष्टीने ती परकीच असते, आणि घाईत केलेल्या निवडीत चौकशीला वाव उरत नाही.

ही तजवीज करताना पहिला प्रश्न विचारायला हवा तो गैरहजेरीच्या कारणांचा. नाशिकमध्ये घरकाम करणाऱ्या अनेक स्त्रिया खानदेशातून किंवा पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतून शहरात आलेल्या असतात आणि गावाशी त्यांचे नाते तुटलेले नसते. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे खानदेशच्या आखाजीला, सासुरवाशिणी माहेरी जातात. पावसाळ्यात भाताच्या आवणीला, म्हणजे रोपे उपटून चिखलात लावण्याच्या कामाला, घरचे मनुष्यबळ लागते. चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंग गडाची वाट भरते आणि पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा असते. नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी किती लागले यावर शहर ज्याचा अंदाज बांधते तो गोदावरीचा पूर, किंवा सिटीलिंक या शहर बससेवेच्या वाहकांचा संप, हीदेखील कामावर न पोहोचण्याची खरीखुरी कारणे असतात. २०१५ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात पर्वणीच्या दिवशी शहरातील वाहतुकीवर मोठे निर्बंध होते आणि २०२७ मध्ये तशी वेळ पुन्हा येणार आहे. यांपैकी बहुतेक दिवस महिना-दोन महिने आधी दिनदर्शिकेवर खूण करून ठेवता येण्याजोगे आहेत. वर्षारंभी बाईंबरोबर बसून त्यांच्या सणावारांची आणि गावच्या कामांची यादी केली, तर ‘अचानक’ या सदरात फारच थोडे दिवस उरतात: त्यांचे स्वतःचे आजारपण, त्यांच्या मुलांचे आजारपण, नात्यातील मयत आणि पूर किंवा संपाचे दिवस.

तरीही अनेक घरांत रजा अचानकच कळते आणि त्याचे मूळ बहुधा पगाराच्या पद्धतीत सापडते. खाडा धरणे, म्हणजे न आलेल्या दिवसाचे पैसे कापून घेणे, ही रीत शहरी घरांमध्ये इतकी रुळलेली आहे की त्यात काही वावगे आहे असे कोणाला सहसा वाटत नाही. परंतु जिला रजा मागितल्यावर एकतर नकार किंवा कपात मिळणार हे ठाऊक असते, ती आधी विचारण्याच्या फंदात पडत नाही, सकाळी फोन बंद ठेवते आणि दुसऱ्या दिवशी एखादे कारण सांगते. पुण्यात १९८० साली घरकामगार स्त्रियांनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, त्यामागे मजुरीइतकाच हक्काच्या रजेचा प्रश्न होता. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या १८९ क्रमांकाच्या करारात घरकामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती मिळावी असे म्हटले आहे, मात्र भारताने त्या कराराला मान्यता दिलेली नाही. एकेका घराला यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आठवड्याची सुट्टी, महिन्याला एक-दोन पगारी रजा आणि आजारपणात पगार न कापण्याचा शब्द एवढे जरी ठरवून पाळले, तरी निरोप आदल्या संध्याकाळी येऊ लागण्याची शक्यता पुष्कळ वाढते. मिळालेली ती एक संध्याकाळ पर्यायी व्यवस्थेच्या दृष्टीने फार मोलाची असते.

दुसरा प्रश्न मुलाच्या मनाचा, आणि तो अधिक नाजूक आहे. साधारण आठव्या महिन्यापासून मूल ओळखीचे आणि अनोळखी चेहरे ठळकपणे वेगळे करू लागते, परक्याच्या कडेवर जाताना रडते आणि जवळचे माणूस दृष्टीआड झाले की अस्वस्थ होते. बालमानसशास्त्रात याला अनुक्रमे परक्याची भीती आणि विरहाची भीती म्हणतात, आणि ती वाढीची निरोगी खूण मानली जाते. ब्रिटनमधील जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आईपासून काही दिवस दूर राहाव्या लागलेल्या मुलांचे चित्रण केले. त्यांतील जॉन हा १७ महिन्यांचा मुलगा नऊ दिवस एका निवासी बालगृहात होता. तिथल्या परिचारिका प्रेमळ होत्या, परंतु त्या पाळीपाळीने बदलत आणि कोणीही एक त्याची स्वतःची होत नसे. दिवसेंदिवस तो खचत गेला, आणि आई न्यायला आली तेव्हा त्याने तिच्याकडेही पाठ फिरवली. याउलट ज्या चार मुलांना रॉबर्टसन दांपत्याने स्वतःच्या घरी ठेवून घेतले, त्यांच्याशी त्यांनी आधीच ओळख करून घेतली होती. त्या मुलांचे खाणेपिणे, झोपण्याच्या सवयी आणि आवडीच्या वस्तू त्यांना ठाऊक होत्या, आणि मुलांना त्रास झाला तरी ती कोलमडली नाहीत. एका दिवसाच्या सोयीसाठी एवढा गंभीर दाखला कशाला, असे वाटू शकेल. परंतु ज्याच्याशी मुलाची ओळख आहे अशा एकाच माणसाच्या हाती त्याला देणे, हे त्यातून निघणारे तत्त्व एका दिवसालाही लागू पडते.

म्हणून पर्याय म्हणून ठरवलेल्या व्यक्तीची तालीम आवश्यक असते. शेजारच्या काकू, वरच्या मजल्यावरील निवृत्त शिक्षिका, सोसायटीत दुसऱ्या घरी काम करणाऱ्या आणि दुपारी मोकळ्या असणाऱ्या ताई किंवा जवळचे पाळणाघर, यांपैकी जे ठरेल तिथे मुलाने प्रथम आईबरोबर, मग तासभर एकट्याने आणि त्यानंतर जेवणाच्या किंवा झोपेच्या वेळेपर्यंत राहून पाहावे, आणि पुढेही महिन्यातून एखादी दुपार तिथे घालवून ही ओळख जागती ठेवावी. शेजारी असोत वा नातेवाईक, कामाच्या दिवसाचा मोबदला आधीच बोलून घेतलेला बरा, कारण संकोचापोटी न बोललेली देणीघेणी चौथ्या-पाचव्या वेळी नात्यात कटुता आणतात. पाळणाघर निवडताना तिथे एकेका दिवसासाठी मूल घेतात का, एका बाईंकडे किती मुले असतात, मूल न्यायला कोण आले तर सोडतात आणि पालकांना दिवसा केव्हाही आत येऊ देतात का, हे विचारावे. केव्हाही येण्याची मुभा नसलेले पाळणाघर, मग तिथे कितीही कॅमेरे असोत, टाळलेलेच चांगले. नव्या बाईंच्या ओळखपत्राची प्रत आणि पोलीस पडताळणी ही कामेही गरज पडण्यापूर्वीच उरकायची असतात.

नेहमीच्या बाईंच्या डोक्यात असलेली माहिती कागदावर उतरवणे हे या तयारीतील सर्वांत दुर्लक्षित काम होय. मूल कोणत्या कुशीवर झोपते, पेज किती पातळ लागते, कोणत्या पदार्थाने अंगावर पित्त उठते, तापाचे औषध वजनानुसार किती द्यायचे आणि आईला विचारल्याशिवाय द्यायचे नाही, हे सारे त्यांनीच सांगावे, आईने मोठ्या अक्षरात लिहावे आणि तो कागद फ्रिजच्या दारावर लावावा. त्याच कागदावर बालरोगतज्ज्ञांचा क्रमांक, रुग्णवाहिकेचा १०८ आणि आपत्कालीन मदतीचा ११२ असावा. काढून ठेवलेले आईचे दूध असेल, तर ते २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात फार तर चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकते, म्हणून बाटलीवर तारीख आणि वेळ घालावी. नाशिकपुरती एक सूचना स्वतंत्रपणे लिहावी लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी द्राक्षांच्या पेट्या येतात आणि ताटलीत घड ठेवणे हा आदरातिथ्याचाच भाग असतो, परंतु गोल, गुळगुळीत अखंड द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत घट्ट बसू शकते. पाच वर्षांखालील मुलाला ते उभे चिरून, चार फोडी करूनच द्यायला हवे, आणि एका दिवसासाठी आलेल्या मायाळू शेजारणीला हे सांगितल्याशिवाय कळेलच असे नाही.

कोणीच उपलब्ध नसेल तर आई किंवा वडिलांनी घरी थांबणे हाच मार्ग उरतो, आणि व्यवहारात तो भार जवळजवळ नेहमी आईवर येतो. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, पण ती एका वेळी पाच दिवसांपेक्षा कमी घेता येत नाही, त्यामुळे एका दिवसाच्या अडचणीला तिचा उपयोग नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा आहे. हा कायदा आईवडील दोघांनाही लागू असेल आणि ती रजा त्यांनी आळीपाळीने वापरली तर दोघांचे मिळून सोळा दिवस होतात, आणि वर्षभरातील खऱ्या अर्थाने अचानक आलेले बरेचसे खाडे तेवढ्यात निभावू शकतात. स्वीडनमध्ये मूल आजारी असेल किंवा त्याला सांभाळणारी व्यक्ती आजारी पडली, तरी पालकांना वेतनाची भरपाई मिळते आणि त्यासाठी दर मुलामागे वर्षाला १२० दिवसांपर्यंतची मर्यादा आहे. जर्मनीच्या बालकल्याणविषयक कायद्यात तर घरगुती पाळणाघर चालवणारी व्यक्ती येऊ शकली नाही, तर मुलाची दुसरी सोय वेळेत झाली पाहिजे असे कलमच आहे. जी जबाबदारी नाशिकमध्ये सकाळी आईच्या फोनवर येऊन पडते, ती तिथे व्यवस्थेने उचललेली आहे.

महाराष्ट्रालाही हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले, तेव्हा मोठ्या मुली शाळेत येत नाहीत याचे एक कारण घरी धाकटी भावंडे सांभाळावी लागतात हे असल्याचे त्यांच्या ध्यानात आले, आणि विकासवाडी या प्रयोगात त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. तीच गाठ आज शहरात दिसते: मावशींचे मूल तापाने फणफणले की त्या स्वतः घरी थांबतात किंवा त्यांची थोरली मुलगी शाळा बुडवते, आणि पहिल्या पर्यायाचा फटका कामाच्या घराला, दुसऱ्याचा त्या मुलीला बसतो. एका घरची पर्यायी व्यवस्था दुसऱ्या घरच्या मुलीच्या शाळेवर उभी राहू नये, एवढे भान मुलाच्या पालकांनी ठेवायला हवे.

१९४८ च्या कारखाने कायद्याने, पुढील दुरुस्तीनुसार, तीसपेक्षा अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर आवश्यक केले, १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला ते लागू केले आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आली. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेतून अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवता येते. सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांत किंवा कॉलेज रोडच्या छोट्या कचेऱ्यांत ही संख्या भरत नाही, त्यामुळे तिथे काम करणाऱ्या आया या तरतुदींबाहेर राहतात. राज्याच्या २०१७ च्या कायद्याने आस्थापनांना एकत्र येऊन एक किलोमीटरच्या परिघात सामाईक पाळणाघर चालवण्याची मुभा दिली आहे. उद्योजकांच्या संघटनांनी ही मुभा वापरून, कारखान्यांनाही सोबत घेऊन, असे पाळणाघर उभे केले, त्यात दोन-चार जागा एका दिवसापुरत्या येणाऱ्या मुलांसाठी राखल्या आणि परिसरातील घरकामगारांच्या मुलांनाही प्रवेश दिला, तर अंबडच्या कारखान्यातील आईच्या आणि तिच्या घरी काम करणाऱ्या मावशींच्या मुलाला अडचणीच्या दिवशी एकाच, आधीपासून ओळखीच्या ठिकाणी जागा मिळेल.