मानेला आच, बुडाला नाही

हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजा पावसाळ्यात मोहिमा आवरत्या घेत आणि दारूगोळा घोड्यांच्या पागांमध्ये ठेवत. उघडीप झाल्यावर पाहावं, तर एकही गोळी न झाडता कितीतरी पितळी काडतुसं तडकलेली. धातुशास्त्राची पुस्तकं ही हकीकत ‘सीझन क्रॅकिंग’ या नावाखाली दोन-चार ओळींत उरकतात. त्या ओळींनी मला कित्येक वर्षं झपाटलं आहे. रायफलच्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा पुन्हा भरून वापरणारे नेमबाज आज जी खटपट करतात, तिचं मर्म मला त्या तड्यांतच सापडलं.

पुंगळीचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. चकतीपासून सुरुवात करून ते थंडच ओढत लांबवतात. प्रत्येक ओढीत ते कडक होतं, म्हणून मधे मधे तापवून मऊ करावं लागतं. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून ताठरलेलं भांडं पुन्हा भट्टीत जातं, तेही याचसाठी. पण शेवटच्या ओढीचा आणि गोळीभोवती तोंड आवळण्याचा ताण धातूत तसाच अडकून राहतो. पागेतली काडतुसं तडकत ती मुख्यतः या आवळलेल्या जागीच.

कोडं सुटलं 1921 मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांचा निबंध इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्सच्या जर्नलमध्ये आला. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो, दमट हवेत तो पितळावर बसतो आणि तांब्याला विरघळवू लागतो. तो सगळा पृष्ठभाग सारखा खात नाही. धातूचे कण जिथे एकमेकांना भिडतात त्या सीमांमधून आत शिरतो, आणि अडकलेला ताण ती फट उघडत नेतो. दोन्ही एकत्र आले की तडा. मला या निबंधाचं खरं मोल वाटतं ते उपायात. घोडदळाच्या छावणीतून अमोनिया कोण हटवणार? पण ताण काढणं कारखान्याच्या हातात होतं. तयार पुंगळी 250 ते 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ठेवली की ताण निघून जातो आणि कडकपणा बहुतांशी टिकतो. अमोनियाचं पॉलिश लावून पुंगळ्या चमकवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. त्यापेक्षा सायट्रिक ॲसिडचं पातळ पाणी बरं.

नेमबाजाला लागते ती आच मात्र वेगळी, आणि ही गल्लत फार होते. प्रत्येक बारात पुंगळीची गोळी धरणारी मान फुगते, मग डाय नावाच्या साच्यात ती पुन्हा आवळली जाते. असं होत होत पितळ ताठरतं, गोळीवरची पकड कमीजास्त होते आणि शेवटी मान उभी फाटते. ते टाळायला मान आणि तिच्याखालचा खांदा एवढाच भाग काही सेकंद 400 अंशांच्या वर न्यावा लागतो. कोणी पुंगळी टॉर्चच्या ज्योतीत फिरवत धरतं, कोणी इंडक्शन कॉइल वापरतं. लष्करी काडतुसाच्या मानेवर तपकिरी-निळसर पट्टा दिसतो, तो याच आचेचा. कारखाना तो मुद्दाम पुसत नाही.

बूड मात्र कडकच राहायला हवं. आजच्या रायफलमध्ये सुमारे 4,000 वातावरणांचा दाब त्या बुडावर येतो. ते मऊ पडलं तर दारू पेटवणाऱ्या प्रायमरची खोबण सैल होते आणि तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडाकडे उसळू शकतो. म्हणूनच पुंगळ्या पाण्याच्या ताटात उभ्या करून फक्त माना तापवायची आणि लगेच पाण्यात आडव्या पाडायची जुनी रीत होती. पोलादाला पाणी दिलं की ते कडक होतं, पितळाला काहीच होत नाही. इथे पाणी फक्त बुडाकडे जाणारी आच अडवतं.

एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. ही आच मान वाचवते, पुंगळीला अमरपट्टा देत नाही. आवळताना खांदा जास्त मागे ढकलला, तर पुढच्या बारात पितळ बुडाच्या थोडं वर ताणलं जाऊन पातळ होतं, आणि ते कोणत्याही आचेनं भरून येत नाही. टोक वाकवलेली बारीक तार आत घालून भिंतीवरून फिरवा. बुडाजवळ खाच लागली, तर मान कितीही चांगली असो, ती पुंगळी पुन्हा भरू नका.