नुसतं नाव द्या, बाकीचं आम्ही बघतो

शहापूर-मुरबाडकडे एखादी नवी संस्था निघाली की गावातल्या निवृत्त मास्तरांना, डॉक्टरांना, एखाद्या माजी सरपंचाला हमखास फोन येतो. "गुरुजी, विश्वस्त म्हणून तुमचं नुसतं नाव द्या. करायचं काही नाही, बाकीचं आम्ही बघतो." मलाही असाच फोन आला होता. ठाकर आणि कातकरी पाड्यांवरच्या मुलांना शाळेच्या अभ्यासाबरोबर त्यांचीच गाणी, नाच, वाद्यं शिकायला मिळावीत म्हणून चारदोन तरुण धडपडत होते. काम मनापासून पटलं आणि मी हो म्हटलं. आपण नेमकं काय कबूल केलं आहे, हे कळायला मात्र दोन ऑडिटं जावी लागली. आता तसे फोन मीच दुसऱ्यांना करतो, तेव्हा आधी या चार गोष्टी सांगतो.

नुसतं नाव देणं असा प्रकार कायद्यात नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली संस्थेची नोंद झाली की परिशिष्ट एकवर ज्यांची नावं आहेत ते सगळेच विश्वस्त जबाबदार असतात. "मी कधी सहीच केली नाही", "पैसे खजिनदार बघायचे", "मी मानधन घेत नाही" ही उत्तरं चालत नाहीत. प्रामाणिकपणे काम करताना एखादा अंदाज चुकला, तर त्यासाठी कोणी गळा धरत नाही. पण घोर निष्काळजीपणाने, विश्वासघाताने किंवा पैसा भलतीकडे वळवल्याने संस्थेचं नुकसान झालं, तर चौकशीनंतर धर्मादाय आयुक्त ती रक्कम विश्वस्ताकडून भरून घेऊ शकतात. हिशेब सादर करण्यात वारंवार कसूर केली किंवा कामाकडे सतत दुर्लक्ष केलं, तर कलम ४१ड खाली पदावरून दूर करता येतं. कोऱ्या चेकवर आगाऊ सह्या करून ठेवायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. संस्था लहान असो की मोठी, ती सही करू नये. मुलांचं निवासी शिबिर घेणार असाल तर आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "संस्थेचं नाव जाईल, आपसात मिटवू" असं म्हणणारा स्वतः गुन्हेगार ठरतो.

राजीनामा दिला की सुटलो, हाही असाच एक भाबडा समज. माझ्या माहितीतल्या एका संस्थेत दोन विश्वस्तांनी राजीनामे दिले, सभेत ते मंजूरही झाले, पण पुढचा कागद कोणी हलवलाच नाही. काही वर्षांनी नोटीस आली ती त्यांच्याच नावाने. विश्वस्त नेमला, गेला किंवा वारला, तरी ९० दिवसांच्या आत ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज जावा लागतो. आपण सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतो. तो मंजूर होऊन नोंद बदलेपर्यंत कागदावर जुनीच माणसं असतात. राजीनामा देताना त्याची पोच घ्यावी आणि चेंज रिपोर्टचा क्रमांकही मागून घ्यावा. त्यात संकोच कसला?

हिशेबाबद्दलचा समज सगळ्यात चिवट आहे. आपली संस्था सांस्कृतिक, पैसा थोडा, त्याला कसल्या पावत्या? आमच्याकडे हा प्रश्न एका ढोलावरून उभा राहिला. मुलांना ढोल शिकवायला पाड्यावरचे एक म्हातारे बाबा यायचे. ढोलही त्यांनीच मढवून दिला. सीएंनी बिल मागितलं. बाबांकडे बिलबुक कुठून असणार? कोणीतरी सुचवलं की बाजारातल्या एखाद्या दुकानाचं बिल आणून लावू. तो सोपा रस्ता खोटा होता, आणि खऱ्या कामाच्या खर्चाला खोटं बिल लावायची काहीच गरज नव्हती. आम्ही साधं व्हाउचर केलं. त्यावर तारीख, बाबांचं नाव, पाडा, काय काम केलं, किती दिवस केलं, रक्कम अक्षरी आणि आकड्यात लिहिली. खाली बाबांचा अंगठा, शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि रक्कम ५,००० रुपयांच्या वर होती म्हणून रेव्हेन्यू स्टॅम्प. सोबत खर्चाच्या ठरावाची नक्कल जोडली. सीएंनी ते बिनतक्रार घेतलं. तोच ढोल डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढला, कारण आता ती संस्थेची मालमत्ता होती.

३१ मार्चला वर्ष मिटलं की सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हायला हवं. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर आयकर खातं ती रक्कम संस्थेच्या उद्दिष्टावरचा खर्च म्हणून धरत नाही. वर्षाच्या उत्पन्नातले निदान ८५ टक्के उद्दिष्टावर खर्ची पडावे लागतात, एरवी शिलकीवर कर लागू शकतो. देणगीदारालाही खरं ते सांगावं. ८०जीची सवलत रोखीने दिलेल्या २,००० रुपयांपुढच्या देणगीवर मिळत नाही, आणि त्याने नवी करप्रणाली निवडली असेल तर मिळतच नाही. "अमेरिकेतला आमचा भाचा पैसे पाठवतो" असं कोणी म्हणालं की आधी भाच्याचा पासपोर्ट विचारावा. तो भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून देत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड असूनही ती परदेशीच. ती घ्यायला एफसीआरएची परवानगी लागते आणि पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो.

जमिनीबाबत आपल्या दोन तालुक्यांत फार जपून राहायला हवं. पैसे जमले की पहिली हौस जागेची येते. आसनगाव, वासिंद, मुरबाड, सरळगाव इथे जागांचे भाव चढत चालले आहेत, आणि "काम चांगलं आहे, संस्थेला कोण अडवतो?" अशी समजूत असते. कायदा अडवतो, आणि ते योग्यच आहे. संस्था शेतकरी नसते, त्यामुळे कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे तिला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसही घेता येत नाही. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जाऊ नये म्हणून जमीन महसूल संहितेत १९७४ पासून कलम ३६अ आहे. साध्या भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, विक्रीला तर शासनाचीही. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेल्या कागदाला इथे किंमत नाही. आदिवासी मुलांची गाणी जपायला निघालेल्या संस्थेने त्यांच्याच आजोबांची जमीन आडमार्गाने घ्यावी, यासारखं दुःख नाही. उलट बाजूही आहे. संस्थेची स्थावर मालमत्ता विकायची, किंवा इमारत अथवा बिगरशेती जमीन ३ वर्षांपेक्षा आणि शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तर विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मूळ जागा ज्यांनी दान दिली त्यांच्या वारसांनाही हे समजावून सांगावं लागतं, कारण "आमच्याच बापाने दिली" हा दावा पुढे कधीतरी होतोच. दिलेली जागा संस्थेची झाली, आणि ती संस्था विश्वस्तांच्याही मालकीची नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा समज. सांस्कृतिक शिक्षण म्हणजे आपण शहाण्यांनी पाड्यावर जाऊन संस्कृती शिकवायची, असं पुष्कळ भल्या माणसांना वाटतं. मुरबाड तालुक्यातलं फांगणे आठवून पाहा. ८ मार्च २०१६ ला तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती उभी केली आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने हात दिला. गुलाबी नऊवारी नेसून पाटी घेऊन बसलेल्या आज्यांचे फोटो जगभर गेले. पण सुरुवात त्या साड्यांपासून झाली नव्हती. आपल्यालाही पोथी वाचता आली असती तर, ही इच्छा बायकांनी आधी बोलून दाखवली होती. ट्रस्टने त्या इच्छेला साधनं दिली. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला हेच केलं. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. गुरं सोडून मुलं शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलं.

मग ज्यांची संस्कृती आहे ती माणसं विश्वस्त मंडळात का नसतात? विचारलं की उत्तर मिळतं, "त्यांना लिहितावाचता येत नाही, कायद्यात बसणार नाही." हे खरं नाही. विश्वस्ताला शिक्षणाची अट कायद्यात नाही. घटनेत तशी अट आपणच घातलेली असते, ती काढता येते. आम्ही तीन वर्षांपूर्वी पाड्यावरच्या एका कातकरी ताईंना मंडळात घेतलं. सभा दिवाळीआधी ठेवायची हे त्यांनीच ठरवलं, कारण नंतर निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो तो थेट पावसाच्या तोंडावर परततो. जागाही बदलली. आता आम्ही त्यांच्या पडवीत बसतो. इतिवृत्त आधी मोठ्याने वाचायचं, मग सह्या आणि अंगठा.

पहिल्याच सभेत मी वाचत होतो. "ढोल एक, संस्थेच्या कार्यालयातील कपाटात सुरक्षित ठेवण्यात यावा." ताईंनी हात वर केला.

"गुरुजी, कपाटात ठेवाल तर पावसाळ्यात बुरशी खाईल त्याला. कातडं उतरंल. पाड्यावर राहू द्या, चुलीपाशी. उतरला तर शेकता येतो, आणि पोरं रोज हात मारतील."

ठराव खोडून नवा लिहिला. खाडाखोडीशेजारी सगळ्यांनी आद्याक्षरं केली, ताईंनी अंगठा उठवला. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ढोलापुढे, ठेवण्याचं ठिकाण या रकान्यात, आता त्यांच्या पाड्याचं नाव आहे.